पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद

दिवाळीला चोपडापूजन करणाऱ्या घरात जुन्या वह्या सहसा रद्दीत जात नाहीत. आजोबांच्या हातची किर्द, वडिलांचा रोजमेळ, उधारीच्या खतावण्या कापडात बांधून माळ्यावर ठेवलेल्या असतात. आता कायदाही तेच सांगतो. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, हे पेढीवर नव्याने बसू लागलेल्या मुलालाही ठाऊक असते. मात्र त्याच घरातील सुनेवर किंवा लेकीवर दहा वर्षांपूर्वी मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिची फाइल कोठे आहे, या प्रश्नाला पुष्कळदा उत्तर मिळत नाही. शस्त्रक्रिया स्तनांची असेल, तर संकोचापोटी ती फाइल फाडून टाकली असण्याचाही संभव असतो.

ज्या भगिनींनी पूर्वी स्तनांचा आकार कमी करून घेतला आणि ज्यांच्या मनात आता स्तन पुन्हा उचलून घ्यावेत किंवा थोडे भरून घ्यावेत असा विचार येतो आहे, त्यांच्यासाठी आजचा लेख आहे. विषय नाजूक आहे. म्हणूनच तो कुजबुजीत राहतो आणि अर्धवट माहितीवर निर्णय होतात. घरातील वडीलधाऱ्यांनीही हा लेख वाचावा, अशी विनंती आहे.

पहिली शस्त्रक्रिया का केली जाते, ते आधी समजून घेऊ. अतिभारी स्तनांमुळे मान, खांदे आणि पाठ सतत दुखते. अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खोल वळ पडतात. पावसाळ्यातील दमट हवेत स्तनांखालच्या घडीत पुरळ उठते, कातडी सोलवटते. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या, माल काढून देणाऱ्या स्त्रीला हा भार क्षणभरही खाली ठेवता येत नाही. असा भार शस्त्रक्रियेने उतरवला, तर तिला मिळणारा आराम खरा असतो आणि बहुसंख्य स्त्रिया त्या निर्णयाबद्दल समाधानी असतात.

परंतु शरीर त्या दिवशी थांबत नाही. पुढे बाळंतपण येते, अंगावरचे दूध येते आणि जाते, वजन वाढते आणि उतरते, मासिक पाळी जाते. स्तनातील दुग्धग्रंथींचा भाग आकसतो, त्वचेची लवचीकता कमी होते. वरचा भाग रिकामा दिसू लागतो आणि उरलेला भार खालच्या बाजूस उतरतो. पुष्कळदा स्तनाग्र जागच्या जागी राहते. त्याखालची त्वचा मात्र ताणली जाऊन लांबते. तेव्हा आरशात पाहणाऱ्या स्त्रीला वाटते, की पहिल्या डॉक्टरांनी जास्तच काढले किंवा चुकीचे काढले. तसे क्वचित घडतेही. एरवी हा काळाचा आणि गुरुत्वाकर्षणाचा परिणाम असतो.

‘आधी कमी करून घेतले, आता वाढवायला निघाली,’ असा टोमणा येथेच उठतो. तो अन्यायाचा आहे. पहिल्या वेळी तिने वेदना कमी करण्याची मागणी केली होती. आज ती बाळंतपणानंतर बदललेल्या शरीराविषयी बोलते आहे. दोन्ही गोष्टी एकाच स्त्रीच्या बाबतीत खऱ्या असू शकतात. देहाविषयीची आसक्ती कमी करावी ही आपली शिकवण जुनी आहे आणि तिच्या प्रकाशात स्वतःला प्रश्न विचारणे योग्यच आहे. मात्र तो प्रश्न त्या स्त्रीने स्वतःला विचारायचा आहे. सासूबाईंनी किंवा जाऊबाईंनी तिला ऐकवण्याचे ते वाक्य नव्हे. हा विचार माझा आहे, की कोणाच्या शेऱ्यामुळे मनात शिरला? काहीच केले नाही, तर माझे नेमके काय अडते? नवीन आकार मिळाला, तरी आयुष्यातील जे दुःख त्याच्याशी जोडले आहे, ते खरोखर जाईल का? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कोणतीही घाई नको. यात जिवाला धोका नसल्याने थांबण्याने काहीही बिघडत नाही.

विचार पक्का झाला, तर मार्ग कोणते ते पाहू. पहिला मार्ग शस्त्रक्रियेविना आहे. योग्य मापाचे, नीट आधार देणारे अंतर्वस्त्र घेतल्यावर अनेकींची तक्रार निम्मी होते. वर्षानुवर्षे अंदाजाने घेतलेले माप चुकीचे असणे फार सामान्य आहे. दुसरा मार्ग म्हणजे स्तन उचलणे, ज्याला ब्रेस्ट लिफ्ट म्हणतात. यात जादा त्वचा काढून आतील भाग पुन्हा वर बांधला जातो. आकार सुधारतो, पण भरीवपणा वाढत नाही; वरची पोकळी पुष्कळ अंशी तशीच राहते. तिसरा मार्ग स्वतःच्याच पोटातील किंवा मांडीतील चरबी काढून स्तनात भरण्याचा. यात परका पदार्थ येत नाही. परंतु भरलेल्या चरबीचा काही भाग शरीर पुन्हा शोषून घेते, म्हणून कधी ही क्रिया दोनदा करावी लागते. शिवाय चरबीच्या लहान गाठी किंवा चुन्यासारखे कण तयार होऊ शकतात. चौथा मार्ग सिलिकोनच्या इम्प्लांटचा. येथे व्यापाऱ्याच्या तराजूने विचार करावा. २५० मिलिलीटरचे सिलिकोन जेलचे इम्प्लांट वजनाला जवळपास पाव किलो भरते. दोन्ही बाजूंचे मिळून अर्धा किलो. जो भार उतरवण्यासाठी पहिली शस्त्रक्रिया झाली, त्यातील काही भाग आपण पुन्हा त्याच खांद्यांवर ठेवत आहोत आणि आधीच ताणलेल्या त्वचेला तो पुन्हा खाली ओढणार आहे, हे लक्षात घेऊनच होकार द्यावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पहिल्यांदा होणारी ब्रेस्ट लिफ्ट आणि रिडक्शननंतर होणारी ब्रेस्ट लिफ्ट यांत मोठा फरक आहे. आकार कमी करताना शल्यविशारद स्तनाग्र आणि त्याभोवतीचे वर्तुळ पूर्णपणे सुटे करत नाहीत. ते मांसल भागाच्या एका पट्ट्यावर जिवंत ठेवले जाते. या पट्ट्यातून रक्तवाहिन्या आणि संवेदनेच्या नसा येतात. कोणी हा पट्टा खालच्या बाजूने ठेवतो, कोणी वरून, कोणी वरच्या आतील बाजूने; उरलेल्या बाजूंचा भाग कापला जातो. त्वचेवर कोठे छेद घ्यायचा याचा एक प्रसिद्ध आराखडा रॉबर्ट वाइज या अमेरिकन शल्यविशारदांनी १९५६ मध्ये मांडला आणि त्यांनी तो अंतर्वस्त्राच्या कापणीच्या नमुन्यावरून बेतला होता. कापडाच्या व्यवसायातील वाचकांना हे लगेच उमजेल, की एकदा बेतून शिवलेले वस्त्र पुन्हा उसवायचे, तर आधीच्या कारागिराने शिलाईत माया कोठे ठेवली आहे ते आधी पाहावे लागते. बाहेरच्या व्रणावरून ते पूर्णपणे कळत नाही. उलट्या ‘टी’सारखा व्रण दोघींच्या छातीवर सारखाच दिसेल, आतला रक्तपुरवठ्याचा पट्टा मात्र एकीचा खालून असेल, दुसरीचा वरून.

दुसऱ्या शल्यविशारदाने नकळत नेमका तोच पट्टा छेदला, तर स्तनाग्राचा रक्तपुरवठा तुटू शकतो. त्वचा काळी पडणे, जखम न भरणे, स्तनाग्राचा काही भाग किंवा संपूर्ण स्तनाग्र गमावणे, संवेदना कायमची जाणे, हे त्याचे संभाव्य परिणाम आहेत. आधीचा पट्टा माहीत असेल, तर त्याला धक्का न लावता आखणी करता येते. स्तनाग्र योग्य उंचीवरच असेल आणि केवळ खालचा भाग लोंबला असेल, तर स्तनाग्र न हलवता खालची त्वचा घट्ट करता येते व धोका बराच कमी होतो. कागद नसेल, तेव्हा अनुभवी शल्यविशारद कमीत कमी ऊती सुट्या करतात किंवा लिफ्ट व इम्प्लांट एकाच वेळी न करता काही महिन्यांच्या अंतराने दोन टप्प्यांत करतात. काही जणींना ते स्पष्ट नकारही देतात. असा नकार देणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नये.

म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेच्या कागदांना एवढे मोल आहे. केवळ डिस्चार्ज कार्ड पुरेसे नाही. त्यावर बहुधा शस्त्रक्रियेचे नाव आणि तारीख एवढेच असते. मागायचा तो कागद म्हणजे ‘ऑपरेशन नोट’. रक्तपुरवठ्याचा पट्टा कोणत्या बाजूने ठेवला, प्रत्येक बाजूने किती ग्रॅम भाग काढला, कोणते टाके घातले, हे त्यात लिहिलेले असते. दुसरा कागद म्हणजे काढलेल्या भागाच्या सूक्ष्म तपासणीचा, अर्थात हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल. तिसरे म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी झाली असल्यास तिचे अहवाल आणि भुलीची नोंद.

हे कागद मिळवणे हा रुग्णाचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि रुग्णाने किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, असे त्यात म्हटले आहे. यातील तीन वर्षांची मुदत नीट वाचा. जीएसटीच्या वहीला कायदा ७२ महिने देतो; शरीरावरील शस्त्रक्रियेच्या नोंदीला त्याच्या निम्माच काळ. पुष्कळ रुग्णालये त्याहून अधिक वर्षे नोंदी ठेवतात, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. पहिली शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर दुसरीचा विचारही मनात नसताना आजच लेखी अर्ज करून सर्व कागदांच्या प्रती घ्याव्यात. दहा वर्षे उलटली असली, तरी एकदा अर्ज करून पाहावा.

डोळखांबसारख्या गावाचे उदाहरण घेऊ. शहापूर तालुक्यातील हे बाजाराचे गाव. आजोबा डोंगराकडे जाणारा रस्ता येथूनच पुढे डेहण्याला जातो. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पुढे शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे; पण अशा शस्त्रक्रियेसाठी आसनगाव स्थानक गाठून ठाणे किंवा मुंबईचीच वाट धरावी लागते. दुकान पुढे आणि घर मागे अशा वस्तीत कोणाची सून सकाळच्या गाडीने कोठे गेली, हे दुपारपर्यंत सर्वांना कळते. त्यामुळे पहिली शस्त्रक्रिया लग्नापूर्वी, माहेरी असताना झाली असेल, तर सासरी कळू नये म्हणून कागद माहेरच्या कपाटात राहतात, पुढे आई थकते, घर बदलते आणि ते कागद नाहीसे होतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळीही तीच स्त्री ‘मावशीकडे जाऊन येते’ असे सांगून एकटी निघते. भ्रमणध्वनीवर जाहिरात पाहिलेल्या, एका दिवसात घरी पाठवणाऱ्या चिकित्सालयात ती पोहोचते आणि पूर्वी शस्त्रक्रिया झाली का, या प्रश्नाला लाजून अर्धेच उत्तर देते. घरापासून लपवलेली गोष्ट अशा रीतीने शल्यविशारदापासूनही लपते आणि खरा धोका तेथे जन्म घेतो.

२०१८ मध्ये चेन्नईच्या शासकीय स्टॅनले रुग्णालयात स्तनांच्या शस्त्रक्रिया मोफत उपलब्ध करण्यात आल्या, तेव्हा शासनाने सौंदर्यावर पैसा का खर्चावा, असा वाद झाला होता. सोय नाकारली, तर गरीब स्त्रिया कर्ज काढतील किंवा धोक्याचे मार्ग धरतील, असे समर्थन तेव्हा तामिळनाडू शासनाकडून करण्यात आले. श्रीमंत घरांनाही हे लागू पडते. दार बंद केले म्हणून इच्छा नाहीशी होत नाही. ती आडवाटेने जाते.

योग्य डॉक्टर कसे ओळखावेत? महाराष्ट्राला या शास्त्राची मोठी परंपरा आहे. देशातील प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी सुरू केला. मुंबईत केईएम, नायर, शीव आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत असे विभाग आहेत. खासगी डॉक्टरांकडे जायचे असेल, तर एम.बी.बी.एस. आणि एम.एस. नंतरची प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी पाहावी. ‘कॉस्मेटिक तज्ज्ञ’ एवढ्याच पाटीवर भुलू नये. रिडक्शननंतरच्या किती रुग्णांवर आपण पुन्हा शस्त्रक्रिया केली आहे, हे निःसंकोच विचारावे. एकाऐवजी दोघांचे मत घ्यावे.

इम्प्लांट घ्यायचेच ठरले, तर माल पारखून घेण्याची आपली सवय येथे उपयोगी पडेल. फ्रान्समधील पीआयपी या कंपनीने वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकोन भरल्याचे २०१० मध्ये उघड झाले आणि अनेक देशांतील स्त्रियांना त्या भेसळीची किंमत मोजावी लागली. कंपनीच्या संस्थापकाला २०१३ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीची खरखरीत पृष्ठभागाची ‘बायोसेल’ इम्प्लांट जगभरातून मागे घेण्यात आली. कारण त्यांच्याशी लसिकापेशींच्या एका दुर्मीळ कर्करोगाचा संबंध आढळला होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये इम्प्लांटवर ठळक चौकटीतील इशारा सक्तीचा केला. इम्प्लांट जन्मभर टिकणारी वस्तू नाही, असे तो इशारा सांगतो. आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट घेणाऱ्या स्त्रियांपैकी वीस टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आठ ते दहा वर्षांत ते काढावे लागते, असेही याच संस्थेने सांगितले आहे. म्हणजे दुसऱ्या शस्त्रक्रियेसोबत तिसरीही गृहीत धरावी. सिलिकोन इम्प्लांट आतून फुटले, तरी बाहेरून कळत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करण्याचा सल्ला दिला जातो. इम्प्लांटसोबत मिळणारे अनुक्रमांकाचे कार्ड दागिन्यांच्या पावतीइतकेच जपावे.

खर्चाचेही आधी पाहावे. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्यविम्यात सहसा बसत नाही; अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार यांना अपवाद असतो. जीएसटीतील आरोग्यसेवेची सूटही सौंदर्यशस्त्रक्रियेला मिळत नाही. अंदाजपत्रकात कर, भूल, इम्प्लांट आणि पुढील तपासण्या धरल्या आहेत का, ते लेखी घ्यावे.

आपल्या घरांतील काही गोष्टी डॉक्टर आपण होऊन विचारणार नाहीत. त्या आपणच सांगाव्यात. वर्षीतप चालू असेल किंवा अठ्ठाई, मासखमण करण्याचा भाव असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख त्यापासून पुरेशी दूर ठेवावी. जखम भरण्यासाठी प्रथिने लागतात आणि वजन किमान सहा महिने स्थिर असावे लागते. चौविहाराचा नियम असेल, तर रात्रीची औषधे कशी घ्यावयाची, हे आधीच ठरवावे. औषध परस्पर चुकवू नये. काही टाके प्राण्यांच्या आतड्यांपासून, काही कॅप्सूलची आवरणे जिलेटीनपासून बनतात आणि आतून आधार देण्यासाठी कधी वापरली जाणारी जाळी डुकराच्या किंवा गाईच्या त्वचेपासून तयार केलेली असू शकते. कृत्रिम पर्याय पुष्कळदा उपलब्ध असतात. मात्र हे बोलणे पहिल्या भेटीतच व्हावे.

आणखी काही सावधगिरी. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर व्रण स्थिर होण्यास साधारणतः वर्ष द्यावे. आणखी अपत्य हवे असेल, तर दुसरी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. दूध पाजण्याची क्षमता रिडक्शनने आधीच घटलेली असू शकते. मधुमेह आटोक्यात असावा. मशेरीसह कोणत्याही रूपातील तंबाखू निदान चार आठवडे आधीपासून पूर्ण बंद असावी, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. चाळिशी उलटली असेल, तर आधी मॅमोग्राफी करावी आणि तेथेही जुनी शस्त्रक्रिया सांगावी. अन्यथा जुन्या व्रणातील कण पाहून विनाकारण भीती निर्माण होते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस शहरातच नातेवाइकांकडे राहावे. रात्री रक्त साकळून छाती अचानक फुगली किंवा स्तनाग्र काळेनिळे पडले, तर डोळखांबहून मुंबई फार दूर पडते. चार ते सहा आठवडे धान्याची पोती, पाण्याचे हंडे उचलणे आणि दुचाकी चालवणे बंद.

ही सारी काळजी एकट्या स्त्रीने, लपूनछपून घेता येण्यासारखी नाही. निर्णय तिचा राहो. सोबत मात्र घराची हवी. पतीला, आईला किंवा सासूबाईंना हा निर्णय मनापासून पटला नसेल, तरीही डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्यांनी बसावे, अर्जावर सही करून जुने कागद आणून द्यावेत, पथ्य सांभाळावे. या वर्षी माळ्यावरच्या वह्या झटकाल, तेव्हा घरातील प्रत्येकाच्या नावाची एक जाड फाइल करून ती त्यांच्याच शेजारी ठेवा. लेक सासरी जाताना तिची फाइल तिच्या हाती द्या. पुढे ती तिला कधी लागेल, हे आज कोणालाच ठाऊक नाही.